मृतजात अपत्यांच्या नोंदी आणि महाराष्ट्रातील कुटुंबेतिहासाची साधने

प्रस्तावना :

कुटुंबाचा इतिहास लिहिणे हे महाराष्ट्रात नवे काम नाही. विसाव्या शतकात अनेक घराण्यांनी आपापले कुलवृत्तांत छापले. तीर्थोपाध्यायांच्या वह्या, हेळव्यांच्या वंशकथनाची परंपरा आणि इनामांच्या कागदांतील वंशावळी तर त्याहूनही जुन्या आहेत. अलीकडे या शोधाला वेगळेच निमित्त मिळाले. सप्टेंबर २०२३ मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली कुणबी नोंदी शोधण्यासाठी समिती नेमली गेली आणि गाव नमुना १४, कोतवाल बुक, जन्म-मृत्यूची जुनी रजिस्टरे ही एरवी फक्त अभ्यासकांना ठाऊक असलेली नावे घरोघर बोलली जाऊ लागली. पणजोबांची जात शोधावयास निघालेल्या माणसासमोर त्या पानांवर आणखी काही येते : नाव नसलेले एखादे मूल, ज्याच्याविषयी घरात कधी कोणी बोललेले नसते.

अशा नोंदींपैकी एका विशिष्ट प्रकाराचा, म्हणजे मृतजात अपत्यांच्या नोंदींचा, विचार प्रस्तुत लेखात केला आहे. मृतजात म्हणजे गर्भाची वाढ पुरेशी होऊनही मृतावस्थेतच जन्मलेले मूल. जन्मानंतर काही तासांनी वा दिवसांनी दगावलेले मूल यात येत नाही. मात्र साधनांमध्ये या दोहोंची सरमिसळ वारंवार होते, आणि अभ्यासकाची पहिली अडचण तीच असते. लेखाचे मुख्य प्रतिपादन असे की, मृतजात अपत्याची नोंद आपल्याकडे सरसकट नाहीच असे मानणे चुकीचे आहे. ती असू शकते. परंतु ती अपत्याच्या नावाखाली वा मृत्यूच्या सदरात नसते, तर मातेच्या बाळंतपणाच्या आणि जन्माच्या सदरात असते. शोध चुकीच्या रकान्यात घेतला जातो म्हणून तो निष्फळ ठरतो.

सोयर आणि सुतक :

छापील कुलवृत्तांतांत मृतजात अपत्ये का आढळत नाहीत, याचे उत्तर संस्कारव्यवस्थेत आहे. बारशापूर्वी मुलाला नाव नसते. दोन वर्षांच्या आतील मुलाला दहन न करता पुरावे, त्यास उदकदान करू नये, असे स्मृतिकारांचे सांगणे आहे. श्राद्ध नाही, म्हणून श्राद्धाच्या वेळी उच्चारावयाच्या नावांत स्थान नाही. तीर्थोपाध्यायांच्या वह्या आणि कुलवृत्तांत हे दोन्ही मुख्यतः या उच्चारलेल्या नावांवर उभे असल्याने ज्याचे नावच नाही ते मूल त्यांत येणार कोठून? त्यातही कुलवृत्तांताची रचना पुरुषपरंपरेची. ‘अल्पवयात वारला’ असा त्रोटक उल्लेख नाव ठेवलेल्या मुलग्याच्या वाट्याला कधीमधी येतो. मृतजात मुलीचा उल्लेख सापडल्यास तो दुर्मीळ योगच समजावा.

परंतु धर्मशास्त्राने या मुलाचा विचारच केला नाही, असे मात्र नाही. कमलाकरभट्टांचा निर्णयसिंधु (१६१२) आणि महाराष्ट्रात अधिक प्रचलित असलेला, पंढरपूरच्या काशिनाथ उपाध्यायांचा धर्मसिंधु (१७९०) या निबंधग्रंथांच्या परंपरेत गर्भहानीच्या पायऱ्या काळजीपूर्वक लावलेल्या आहेत. चौथ्या महिन्यापर्यंत गर्भस्राव, पाचव्या-सहाव्या महिन्यांत गर्भपात, आणि सातव्या महिन्यापासून पुढे प्रसूती. पहिल्या दोन अवस्थांतील अशौचाचा भार प्रामुख्याने मातेवर पडतो. सातव्या महिन्यानंतर मात्र मूल मृत जन्मले तरी ती प्रसूतीच मानली जाते आणि सपिंडांना जे अशौच सांगितले आहे ते जननाशौच होय. घरगुती भाषेत सांगावयाचे तर अशा घरी सुतक नव्हे, सोयर पाळावयाचे असते. भारतरत्न पां. वा. काणे यांच्या धर्मशास्त्राच्या इतिहासाच्या चौथ्या खंडात (१९५३) अशौचाची ही सर्व चर्चा एकत्र मिळते.

हा भेद केवळ कर्मकांडाचा नाही. जे जन्मलेच नाही त्याचे सोयर पाळता येत नाही. म्हणजे परंपरेने या मुलाचा जन्म मान्य केला, मृत्यू मात्र मान्य केला नाही. गावाने आणि भाऊबंदांनी दहा दिवस पाळलेली ही घटना कागदावर उतरली नाही, एवढाच तिचा दोष. पुढे १९६९ च्या कायद्याने नेमका हाच निर्णय वेगळ्या भाषेत घेतला, हे खाली दिसेल.

वारसाचे कागद :

नामपरंपरेत जे सापडत नाही ते मालमत्तेच्या कागदांत सापडेल अशी आशा अभ्यासकास असते. येथे ती व्यर्थ आहे. वारसाहक्क जिवंत जन्मावर अवलंबून असतो. १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार अधिनियमाच्या कलम २० नुसार पित्याच्या मृत्यूसमयी गर्भात असलेले अपत्य वारस ठरते, पण ते नंतर जिवंत जन्मले तरच. जुन्या व्यवहारातही तत्त्व हेच होते. इस्लामी धर्मशास्त्रातही जन्मताना मूल रडले किंवा काय, या प्रश्नावर वारसा आणि जनाजाची नमाज दोन्ही अवलंबून असतात. त्यामुळे गाव नमुना ६-क या वारसनोंदीच्या वहीत किंवा फेरफारात मृतजात अपत्य येत नाही.

अपवाद घडतो तो गादीचा प्रश्न असेल तेथे. ३० ऑगस्ट १७७३ रोजी नारायणराव पेशव्यांचा खून झाला तेव्हा गंगाबाई गरोदर होत्या. १८ एप्रिल १७७४ रोजी पुरंदरावर सवाई माधवरावांचा जन्म होईपर्यंत बारभाईंचे सारे राजकारण त्या एका गर्भाभोवती फिरत होते, आणि म्हणूनच त्या गर्भारपणाचा इतिहास आपणांस उपलब्ध आहे. त्याच वर्षी पुरंदरच्या पायथ्याच्या गावांत ज्या स्त्रिया बाळंत झाल्या त्यांच्याविषयी आपण असे काही सांगू शकत नाही.

गावचे दप्तर :

ब्रिटिश हिंदुस्थानात १८८६ च्या कायद्याने जन्म, मृत्यू व विवाह यांच्या स्वेच्छा नोंदणीची सोय केली. प्रत्यक्षात मात्र सामान्य माणसाच्या जन्ममृत्यूची मोजदाद त्याआधीपासून प्रांतिक आज्ञांन्वये गावकामगारांकडून होत होती. पोलीस पाटील, तलाठी, आणि मध्यप्रांत-वऱ्हाडात कोतवाल यांच्या हातून या नोंदी झाल्या. त्यांचा हेतू कुटुंबाची आठवण जपणे हा नव्हता. पटकी, देवी, ताप यांनी किती माणसे मेली हे सरकारास कळावे, हा होता. हेतू लक्षात घेतला म्हणजे नोंदीचे स्वरूप उमगते. जन्माच्या नोंदीत बहुधा बापाचे नाव, जात, दिनांक आणि ‘मुलगा’ वा ‘मुलगी’ एवढेच असते. मुलाचे नाव नसणे हा तेथील नियम आहे. म्हणून नाव नाही यावरून मूल मृतजात होते असा तर्क करता येत नाही. मोडीतील नोंदींत तर घाईने ओढलेल्या एका अक्षरावर मुलगा की मुलगी हे ठरते.

या वह्या वाचताना एक पथ्य पाळावे लागते. एकाच बापाच्या नावे, एकाच दिनांकास, जन्माच्या आणि मृत्यूच्या अशा दोन्ही वह्यांत नोंद आढळली तर ते मूल क्षणभर तरी जगले होते असे मानावे, की गावकामगाराने मृतजात मुलाची दोन्हीकडे नोंद केली असे मानावे? केवळ त्या दोन ओळींवरून हे ठरत नाही. वयाच्या रकान्यात तास वा दिवस लिहिले असल्यास पहिला अर्थ घ्यावा. शेऱ्यात स्पष्ट उल्लेख असल्यास दुसरा. आणि दोन्ही नसल्यास निर्णय स्थगित ठेवावा. वंशावळ पूर्ण करण्याच्या उत्साहात निष्कर्ष लादला जातो, त्यापेक्षा रिकामी जागा अधिक प्रामाणिक होय. शिवाय असे मूल घरातील बायकांनी परसात वा गावाबाहेर पुरून टाकले आणि पाटलापर्यंत वर्दी गेलीच नाही, असे होणे अगदी शक्य होते, हेही विसरू नये.

१९६९ चा कायदा आणि नमुना ९ :

देशभर एकसूत्री व सक्तीची नोंदणी आली ती जन्म व मृत्यू नोंदणी अधिनियम, १९६९ मुळे. बहुतेक राज्यांत तो १ एप्रिल १९७० पासून लागू झाला. या कायद्याच्या कलम २ मधील व्याख्या कुटुंबेतिहासाच्या अभ्यासकाने मुळातून वाचाव्यात अशा आहेत. ‘जन्म’ म्हणजे जिवंत जन्म किंवा मृत जन्म. आणि ‘मृत्यू’ म्हणजे जिवंत जन्म झाल्यानंतर जीविताची चिन्हे कायमची नाहीशी होणे. अर्थात मृतजात मूल कायद्याच्या दृष्टीने जन्मले आहे, परंतु मेलेले नाही. त्याचा शोध मृत्यूच्या रजिस्टरात घेणारा माणूस कायमच रिकाम्या हाती परतणार. नियमांनी गर्भकाळाची मर्यादा २८ आठवडे अशी ठरविली. इंग्लंडमध्ये १९२६ च्या कायद्याने १ जुलै १९२७ पासून मृतजात नोंदणी सुरू झाली तेव्हाही मर्यादा हीच होती. तेथे १९९२ मध्ये ती २४ आठवड्यांवर आणली गेली. निबंधकारांची सातव्या महिन्याची सीमा आणि ही २८ आठवड्यांची सीमा एकमेकींच्या बऱ्याच जवळ येतात. दोहोंच्या मुळाशी, इतक्या दिवसांचे मूल जगू शकले असते, हा एकच अनुभव असावा असे वाटते.

मराठी परिभाषेने मात्र येथे घोटाळा करून ठेवला आहे. शासकीय मराठीत या नोंदीस पुष्कळदा ‘उपजत मृत्यू’ म्हटले जाते. कायदा ज्यास जन्माचा प्रकार म्हणतो त्यास कार्यालयाची भाषा मृत्यूचा प्रकार म्हणते. ‘मृत जन्म’ हा शब्द अधिक काटेकोर आहे. तरीही कार्यालयात चौकशी करताना दोन्ही शब्द वापरणे सोयीचे ठरते.

महाराष्ट्र जन्म व मृत्यू नोंदणी नियम, २००० नुसार जन्मासाठी नमुना १, मृत्यूसाठी नमुना २ आणि मृत जन्मासाठी नमुना ३ अशी माहितीपत्रके होती. त्यांतून अनुक्रमे नमुना ७, ८ आणि ९ ही रजिस्टरे तयार होत. म्हणजे मृतजात अपत्यांचे स्वतंत्र रजिस्टर असते, आणि अन्य दोहोंप्रमाणे तेही कायम जतन करावयाचे, नष्ट न करावयाचे दप्तर आहे. ही गोष्ट फारच थोड्यांना ठाऊक असते. माहितीपत्रकाचे दोन भाग होते. पहिल्या, वैधानिक भागात जन्माचा दिनांक, लिंग, पित्याचे व मातेचे नाव, जन्मस्थळ आणि वर्दी देणाराचे नाव. दुसऱ्या, सांख्यिकीय भागात मातेचे वय व शिक्षण, प्रसूती कोणी केली, गर्भकाळ किती आठवड्यांचा आणि गर्भमृत्यूचे कारण काय. रजिस्टरात राहतो तो पहिला भाग. दुसरा भाग वेगळा होऊन आकडेवारीसाठी वर जातो आणि त्याचे रूपांतर संख्येत होते. एखाद्या मातेस आयुष्यभर छळणारा प्रश्न म्हणजे ‘का?’ आणि त्याच्या उत्तराचा कागद नेमका रजिस्टरातून फाडून घेतला जावा, ही योजना हेतुपुरस्सर निष्ठुर नसली तरी तिचा परिणाम निष्ठुर आहे.

आणखी दोन गोष्टी येथे नोंदविल्या पाहिजेत. नमुना ३ मध्ये मुलाच्या नावासाठी रकानाच नव्हता. आणि जन्माचा दाखला नमुना ५ मध्ये, मृत्यूचा नमुना ६ मध्ये दिला जाई, परंतु मृत जन्माच्या दाखल्यासाठी त्या मालिकेत स्वतंत्र नमुना नव्हता. यास्तव ‘दाखला द्या’ अशी मागणी करणाऱ्या कुटुंबास नकार मिळण्याचा संभव अधिक. कलम १७ मध्ये नोंदवहीतील नोंदीचा शोध घेण्याची तरतूद आहे. त्या आधारे, मातेचे नाव आणि अंदाजे दिनांक देऊन मृत जन्माच्या रजिस्टरात शोध मागणे हा योग्य मार्ग होय. प्रसूती सासरी झाली की माहेरी, याची खातरजमा आधी करावी. नोंद घटनेच्या ठिकाणी होते आणि आपल्याकडे पहिले बाळंतपण बहुधा माहेरी होत असल्याने सासरच्या गावचे दप्तर चाळून काहीच हाती लागत नाही.

रुग्णालयांच्या कागदांवर फार भिस्त ठेवता येत नाही. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या विनियमांनी आंतररुग्णांची कागदपत्रे तीन वर्षे जपण्याचे बंधन डॉक्टरांवर घातले. त्यापुढे ती राहिलीच तर त्या संस्थेच्या सवयीमुळे. कामगार स्त्रियांच्या बाबतीत आणखी एक दुवा आहे. मातृत्व लाभाचा देशातील पहिला कायदा १९२९ मध्ये मुंबई इलाख्यात झाला, आणि १९६१ च्या केंद्रीय कायद्याने ‘अपत्य’ या शब्दात मृतजात अपत्याचा स्पष्ट समावेश केला. कारखान्याच्या लाभ-नोंदवहीत म्हणून अशी प्रसूती सापडू शकते. वारसाच्या कायद्याने ज्याला वारस मानले नाही त्याला श्रमाच्या कायद्याने अपत्य मानले, कारण येथे प्रश्न मुलाच्या हक्काचा नसून आईच्या शरीराचा होता.

चर्च आणि न्यायालय :

वसई आणि गोवा येथील ख्रिस्ती कुटुंबांस चर्चची रजिस्टरे उपलब्ध असतात. त्यांतील नोंद बाप्तिस्म्याची असते, जन्माची नव्हे, हे ध्यानात ठेवावे लागते. मूल दगावण्याची भीती असल्यास सुईणीनेही बाप्तिस्मा द्यावा अशी मुभा होती. जीव आहे की नाही याविषयी शंका असल्यास सशर्त बाप्तिस्मा दिला जाई. घरी दिलेल्या बाप्तिस्म्याचा शेरा आणि लगेच दफनाची नोंद असे आढळल्यास ते मूल या सीमारेषेवरचे असण्याची शक्यता विचारात घ्यावी. निःसंशय मृत जन्मलेल्या मुलाला बाप्तिस्मा नाही. १९१७ च्या धर्मविधिसंहितेनुसार बाप्तिस्म्याविना मेलेल्यांस चर्चचे दफनही नव्हते. १९८३ च्या संहितेने मात्र, ज्या मुलास आईबाप बाप्तिस्मा देऊ इच्छित होते त्याचा अंत्यविधी करण्याची परवानगी धर्माध्यक्षांना देता येईल असे ठरविले. त्यामुळे १९८३ पूर्वीच्या दफनाच्या रजिस्टरातील अनुल्लेखावरून फारसे काही सिद्ध होत नाही.

विषण्ण करणारी गोष्ट अशी की, एकोणिसाव्या शतकातील मृतजात अपत्यांविषयीचा सविस्तर मजकूर जेथे मिळू शकतो ते ठिकाण म्हणजे फौजदारी दप्तर. १८६० च्या भारतीय दंडसंहितेच्या कलम ३१८ ने मुलाचे प्रेत गुप्तपणे पुरून जन्म लपविणे हा गुन्हा ठरविला. मूल जन्मापूर्वी, जन्मताना की जन्मानंतर मेले, याने फरक पडत नसे. या कलमाचा फास प्रामुख्याने विधवांभोवती पडला. महात्मा फुले यांनी पुण्यात १८६३ मध्ये बालहत्या प्रतिबंधक गृह सुरू केले ते याच परिस्थितीत, आणि १८८१ मध्ये सुरतेच्या विजयालक्ष्मी या विधवेस बालहत्येबद्दल झालेल्या शिक्षेच्या वादातून ताराबाई शिंदे यांचा ‘स्त्रीपुरुष तुलना’ (१८८२) हा ग्रंथ निर्माण झाला. अशा खटल्यांत मूल मृतच जन्मले हा आरोपी स्त्रीचा बचाव असू शकत होता, आणि तो खरा की खोटा हे ठरविण्यासाठी शवचिकित्सकाचा अहवाल लागे. सधवेचे मृतजात मूल निमूटपणे पुरले गेले. विधवेच्या मुलावर मात्र पाने भरून लिहिले गेले.

नावांत आणि आठवणीत :

कागद संपतात तेथे घर सुरू होते. आधीची मुले जगली नाहीत म्हणजे पुढच्या मुलाला दृष्ट लागू नये, मृत्यूने त्याच्याकडे ढुंकूनही पाहू नये, म्हणून हलके नाव ठेवण्याची चाल महाराष्ट्रात सर्व जातींत होती. धोंडू, दगडू, कचरू, केरू, भिकू ही नावे त्यातली. वंशावळीत अशा नावाची व्यक्ती भेटली तर तिच्या आधीच्या भावंडांचा शोध घेणे अगत्याचे ठरते. अर्थात प्रत्येक दगडू मागे एक मृतजात भावंड असतेच असे नाही. आजोबांचे नाव ठेवण्याच्या प्रथेने तेच नाव दोन पिढ्यांनी पुन्हा येते, शिवाय आधीची मुले मृतजात होती की देवीने गेली हे नाव सांगत नाही. नाव हा पुरावा नसून शोधाची दिशा आहे. भावंडांच्या वयांतील अंतरही असेच दिशादर्शक. दोन-अडीच वर्षांच्या अंतराने मुले होत असलेल्या घरात मध्येच पाच-सहा वर्षांची पोकळी दिसली तर तिची कारणे दोन-तीनच असतात, आणि नवऱ्याचे परगावी नोकरीस असणे हे त्यांतले एक असते, हेही सांगितले पाहिजे.

सर्वांत विश्वसनीय साधन म्हणजे वृद्ध स्त्रियांची स्मृती. तीही प्रश्न कसा विचारला यावर अवलंबून असते. ‘तुम्हांला मुले किती?’ या प्रश्नाला हयात मुलांची संख्या हे उत्तर मिळते, काही घरांत तर हयात मुलग्यांची. ‘बाळंतपणे किती झाली?’ असे विचारले की आकडा बदलतो. सात बाळंतपणे आणि पाच मुले, या दोन आकड्यांमधील वजाबाकीत प्रस्तुत विषय सामावलेला आहे. ‘पहिल्या खेपेला’, ‘थोरल्याच्या आधी’ अशी कालगणना स्त्रिया करतात. तिला सणाची, दुष्काळाची, घर बांधल्याच्या सालाची जोड दिली की दप्तरात शोधण्याजोगा दिनांक हाती येतो. मुलाखत घेणारा पुरुष, तोही नात्यातला, असल्यास हे उत्तर मिळणे कठीण. तेथे घरातील सुनेने वा नातीने विचारावे. विचारल्यावर मौन मिळाले तर पुन्हा विचारू नये. संशोधकाच्या कुतूहलापेक्षा त्या बाईचा न सांगण्याचा अधिकार मोठा आहे.

मिळालेली नोंद वंशावळीत कशी लिहावी, हा प्रश्न उरतो. मृतजात अपत्यास मागाहून एखादे नाव देऊन ते लिहिण्याचा मोह कुटुंबीयांस होतो. त्यांच्या भावनेचा आदर राखूनही इतिहासाच्या दृष्टीने ते नाव अलीकडचे असल्याचे नमूद केले पाहिजे, अन्यथा पुढील पिढीचा अभ्यासक त्या नावाने दप्तरे धुंडाळीत बसेल. मातेच्या पूर्ण नावाखाली, बाळंतपणाच्या क्रमानुसार, दिनांक, स्थळ आणि कळले असल्यास मुलगा की मुलगी, एवढे लिहावे. माहिती रजिस्टरातून आली की आठवणीतून, हे शेजारी द्यावे. मातेचे नाव म्हणताना माहेरचेही लिहावे, कारण पहिल्या खेपेची नोंद बहुधा तिच्या वडिलांच्या गावी, तिच्या वडिलांनी दिलेल्या वर्दीवरून झालेली असते.